खुर्ची घ्या, टेबल राहू द्या

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबावं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडे, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एक सुतारकारखाना चालतो. तिथली हाताने कोरलेली झुलती खुर्ची 36 हजारांना महाग नाही. तिथलंच सेंटर टेबल 22 हजारांना महाग आहे, आणि 12 ला दिलं तरी मी परत घेणार नाही. दोन्ही वस्तू माझ्या घरात आहेत, दोन्हींवरून सोलापूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊन झालाय. तेव्हा ऐकीव काही नाही.

माझी ओळख एवढीच, की मी आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवत होते. नोकरीभर मापं घेतली, मापं घ्यायला शिकवली आणि बसत नसलेले ब्लाउज निर्दयपणे उसवायला लावले. लाकडातलं मला फार कळत नाही. पण एखादी वस्तू अंगाला धरून केलीय की डोळ्यांना धरून, हे हात लावला की कळतं. कंबरेचं दुखणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी मऊ सोफा बंद करायला सांगितला, तेव्हापासून मी खुर्ची शोधत होते. दुकानातल्या खुर्च्यांची गंमत अशी की सगळ्या कुठल्यातरी सहा फुटी माणसासाठी केलेल्या. बसायची उंची 18 इंच, खोली 20-21 इंच. माझी उंची पाच फूट एक इंच. पाठ टेकवावी तर पाय लोंबकळतात, पाय टेकवावेत तर पाठ अधांतरी. मग मागे उशी घाला, खाली पाट ठेवा. 15 हजारांची खुर्ची घेऊन तिला उशा आणि पाटाचा संसार मांडून देण्यात काय अर्थ?

या कारखान्याला पाटी नाही. मला पत्ता जुन्या लाकडाच्या वखारीत मिळाला. शेडमध्ये शिरलं की आधी भुसा, मग करवतीचा आवाज, मग मिस्त्री. वय साठीच्या पुढे, घरात तेलुगू, आपल्याशी सोलापुरी मराठी. बसायला दिलं ते एक साधं तीन पायांचं स्टूल. त्या स्टुलाबद्दल शेवटी सांगते, कारण ते विकायला ठेवलेलं नव्हतं आणि ठेवायला पाहिजे.

मिस्त्रींचे वडील मागाचे धोटे करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आडवा धागा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडे घेऊन जातो तो धोटा. लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता, पोटात कांडी. त्याच्यावर एखादा खरखरीत ठिपका राहिला तरी ताण्याचा धागा अडकून तुटतो, म्हणून धोटा करणाऱ्याचा हात सपाट लाकडापेक्षा गोलाईला तयार झालेला असतो. पुढे रॅपिअर माग आले, त्यांना धोटाच लागत नाही. जुने यंत्रमाग भंगारात गेले. मिस्त्री मग काही वर्षं प्लाय-सनमायकाची कपाटं ठोकत होते. ते दिवस सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. "सगळं काटकोनात ओ मॅडम. हाताला कामच नव्हतं, नुसतं टेपचं काम." मग त्यांच्या मुलाने मोबाइलवर बाहेरच्या देशांतल्या खुर्च्या दाखवल्या आणि बापलेकांनी गोलाईचं काम पुन्हा धरलं.

त्या खुर्च्या सॅम मलूफच्या. हा कॅलिफोर्नियातला माणूस, 1916 चा जन्म, 2009 साली गेला. सुतारकाम कुठल्या शाळेत शिकला नव्हता. त्याच्या झुलत्या खुर्च्या अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये गेल्या आणि 1985 साली मॅकआर्थर फेलोशिप हा तिकडचा मोठा मान मिळाला, जो त्याच्याआधी कुठल्या लाकूडकाम करणाऱ्याला मिळाला नव्हता. त्याच्या खुर्चीत पाय कुठे संपतो आणि बैठक कुठे सुरू होते ते बोटाला सापडत नाही. शेडच्या भिंतीवर तिचा एक रंगीत प्रिंट चिकटवलेला आहे, शेजारी सिद्धेश्वर महाराजांचा फोटो आणि मार्कंडेय. मिस्त्रींना मलूफचं नाव उच्चारता येत नाही, ते त्याला "अमेरिकेचे मिस्त्री" म्हणतात.

आता मापाची गोष्ट, कारण माझ्या लेखी या कारखान्याचे निम्मे पैसे मापाचे आहेत. मी गेले तेव्हा मिस्त्रींनी मला किती बजेट, कुठलं लाकूड असलं काही विचारलं नाही. कोपऱ्यातून त्यांनी एक सांगाडा ओढून आणला. भोकं पाडलेल्या चार फळ्या, त्यात खुंट्या. खुंटी वर-खाली केली की बैठक वर-खाली होते, पाठ मागे-पुढे होते. त्यावर मला बसवलं आणि म्हणाले, "आता पाच मिंटं बोलत बसा." पोराने चहा आणला. मिस्त्री बोलता बोलता माझ्याकडे बघतच होते. मग गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत सुतळी धरली, पार्श्वभागापासून गुडघ्यापर्यंत धरली, कोपर वाकवून बैठकीपासूनची उंची घेतली. प्रत्येक मापाला सुतळीत गाठ. बसलेल्या माणसाचं माप बसवूनच घ्यायचं, हे मी वर्गात पँट शिकवताना घसा कोरडा करून सांगायचे. उभं राहून घेतलेल्या मापाची पँट बसली की आसनात ओढते. फर्निचरवाल्यांपैकी हे पाळणारा मला पहिल्यांदा भेटला.

माझं माप निघालं: बैठकीची उंची पुढच्या कडेला साडेपंधरा इंच, खोली 17, हाताची उंची बैठकीपासून साडेआठ. दुकानातल्या खुर्चीशी ताडून बघा. अडीच-तीन इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण मांडीखालची शीर दबते ती तेवढ्यानेच.

लाकूड जुनं सागवान. पेठांमधले वाडे पडतायत, त्यांच्या तुळया वखारीत येतात, मिस्त्री तिथून उचलतात. मला दर लावला घनफुटाला साडेतीन हजार. खुर्चीला तीन घनफुटांच्या आसपास लाकूड लागलं. तुम्ही म्हणाल एवढ्याशा खुर्चीला तीन घनफूट? मलाही तेच वाटलं होतं, म्हणून उभी राहून बघितलं. कोरीव खुर्चीत लाकूड आधी जाड घ्यावं लागतं आणि मग बरंच काढून टाकावं लागतं. निम्म्याहून जास्त जमिनीवर पडतं. पावसाळ्यात शेजारचा चहावाला ते तुकडे जळणाला नेतो.

जुन्या तुळईचा फायदा असा की लाकूड कित्येक वर्षं छताला वाळलेलं असतं, ते आता फारसं हलत नाही. तोटा म्हणजे पोटातले खिळे. मिस्त्री जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवरून हळूहळू फिरवतात. चुंबक कुठे थबकलं की खडूची फुली. तरी एखादा सुटतो आणि करवतीचे दात जातात, मग अर्धा तास तेलुगूत जे काही चालतं त्याचं भाषांतर पोराने करून दिलं नाही.

पुढचं थोडं सविस्तर लिहिते, कारण "हाताने बनवलेलं" ही पाटी आजकाल कशावरही लावतात. या खुर्चीत हाताचं काम नेमकं कुठे आहे ते मी बघितलंय.

सांधे आधी होतात, कोरणं नंतर. पाय आणि बैठक दोन्ही चौकोनी, कडा काटकोनात असतानाच खाच आणि कुसू (खाचेत बसणारी जीभ) कापून घेतात, कारण लाकूड एकदा गोल झालं की काटकोन बघायचा गुण्या कुठे लावणार? सांध्याच्या जागी मुद्दाम जास्तीचं लाकूड सोडतात. चिकटवण्याआधी सांध्याला थिनरचं फडकं मारतात. सागवानाला स्वतःचं तेल असतं, ते पुसलं नाही तर चिकट नीट धरत नाही. सांधा पक्का झाला की मग ते जास्तीचं लाकूड उतरवायचं. आधी ग्राइंडर, त्याला खरबरीत चकती. हे काम पोरगा करतो, तोंडाला फडकं बांधून. तिथून पुढे मिस्त्री. अर्धगोल कानस, मग पटाशी, मग फुटक्या काचेची धार. सागवानात वाळूचा अंश असतो, हत्यारं पटापट बोथट होतात, म्हणून त्यांच्या उजव्या हाताला सहाण कायम ओली. मग पॉलिश पेपर, 80 नंबरचा, मग 120, मग 220. मग ओल्या फडक्याने सगळी खुर्ची पुसायची. ओल लागली की लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा 320 चा हात. हे नाही केलं तर पहिल्याच पावसाळ्यात घामेजल्या हाताला खुर्ची खरखरीत लागायला लागते. माझी लागली नाही.

खुर्चीच्या हाताच्या खालची बाजू बघा म्हणून मी सगळ्यांना सांगते. आपण खुर्चीत बसलो की बोटं नकळत हाताच्या खाली जातात, आतल्या अंगाने चाचपतात. तिथे मिस्त्रींनी वरच्याइतकाच पेपर फिरवलाय, शिवाय बोटांच्या टोकांना बसेल असा एक उथळ पन्हाळ काढलाय. हा पन्हाळ मी मागितला नव्हता. कोरून झाल्यावर मिस्त्री डोळे मिटून हात फिरवतात आणि जिथे थांबतात तिथे पेन्सिलीने गोल करतात. दिव्याखाली मला तिथे काहीच दिसायचं नाही.

खालच्या कमानींचं, म्हणजे ज्यावर खुर्ची झुलते त्या दोन रॉकरचं, सांगायलाच हवं. स्वस्तातल्या झुलत्या खुर्चीत कमान एका रुंद फळीतून वळणदार कापून काढलेली असते. दिसायला छान. पण लाकडाची रेघ सरळ जाते आणि कमान वळते, त्यामुळे टोकाशी रेघ आडवी तुटते आणि कमान तिथेच मोडते. कपड्यात उरेब कापलेला तुकडा जसा ओढला की ताणतो आणि जीव सोडतो, तसंच. मिस्त्री कमानीला तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या काढतात, इपॉक्सी लावून साच्यावर वाकवतात आणि शिकंजे आवळून ठेवतात. प्रत्येक पट्टीची रेघ कमानीबरोबरच वळते. कमानीचा गोल साधारण 42 इंच त्रिज्येचा, तो त्यांनी फरशीवर खिळा ठोकून, सुतळी आणि खडूने काढला. तळाची पट्टी सागाची नाही, बाभळीची. "घासणार ती खालचीच की. बैलगाडीच्या चाकाला काय लावत होते? बाभळच." आपल्या जिल्ह्यात कुळव आणि औतं बाभळीचीच असायची, हे माझ्या माहेरी बार्शीकडे मीही बघितलंय.

पाठीला सात उभ्या पट्ट्या. कंबरेच्या जागी पुढे आलेल्या, खांद्याशी मागे गेलेल्या, आणि टेकलं की थोड्या लवतात. पट्ट्यांमधून हवा खेळते. एप्रिलमध्ये पारा 43 ला टेकलेला असताना रेक्झिनच्या खुर्चीत पाठीचं काय होतं हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही.

रंग-पॉलिशचं: चकाकी मागू नका, मिळणार नाही. मिस्त्री जवसाचं तेल आणि मेण देतात. मेलामाइन मारलेल्या लाकडाला ते हात लावत नाहीत, "प्लास्टिकची पिशवी" म्हणतात. तेलाचा हात वर्षातून एकदा आपण घरीच द्यायचा. फडकं तेलाचं झालं की चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून ठेवलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं. हे मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा सांगतात आणि बरोबर करतात. गरम कपाचा डाग मात्र तेल-मेणावर उठतोच. माझ्या खुर्चीच्या डाव्या हातावर एक आहे.

आता तक्रारी.

वेळ. मिस्त्रींचा "पुढचा गुरुवार" हा पंचांगात नसलेला वार आहे. दिवाळीच्या आत म्हणाले, दिवाळी गेली. मग संक्रांतीच्या आत. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, कारखाना बंद, कारण पोरगा यात्रेतल्या नंदीध्वजाच्या सरावाला. मानाच्या सात काठ्या, त्यांच्या पुढे माझ्या खुर्चीच्या सात पट्ट्या कोण विचारतो? याबद्दल मी रागावले नाही, सोलापुरात राहून त्यावर रागावता येत नाही. पण गड्डा तर दरवर्षी त्याच तारखांना येतो, तो धरून तारीख द्यायला काय हरकत आहे? फेब्रुवारीत खुर्ची आली ती नेमकी आमच्या पाण्याच्या दिवशी, सकाळी सात वाजता, मोटार चालू आणि बादल्या दारात. फोन करून यायची पद्धत नाही.

कागद. सुरुवातीला निम्मे पैसे द्यावे लागतात आणि त्याची पावती म्हणजे वहीच्या पानावर तारीख, रक्कम आणि "खुर्ची 1". चित्र नाही, नकाशा नाही. ज्यांना ऑर्डर देताना थ्रीडी डिझाइन बघायची सवय आहे त्यांचा इथे जीव टांगणीला लागेल. माझा लागला नाही, कारण माझी मापं मिस्त्रींच्या सुतळीच्या गाठींत होती आणि ती सुतळी खिळ्याला माझ्या नावाने टांगलेली दिसत होती. पण वहीत लाकडाचा प्रकार, बैठकीची उंची आणि देण्याची तारीख एवढं लिहायला दोन ओळी लागतात. मी माझ्या हाताने लिहून त्यांची सही घेतली. तुम्हीही घ्या.

फरशी. कोट्याची किंवा शहाबादी फरशी असेल तर खुर्ची जागेवर झुलते. आमच्या हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर ती झुलता झुलता पुढे सरकते. वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत मी टीव्हीच्या जवळ गेलेली असते. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, खाली जमखाना (जाड सतरंजी) टाका. टाकला, सरकणं थांबलं. पण 36 हजारांच्या खुर्चीच्या तळाला चामड्याची पट्टी लावून देणं कारखान्याचं काम आहे, जमखाना हा माझा खर्च झाला.

एवढं सोडून खुर्चीला नाव ठेवायला जागा नाही. पाय पूर्ण टेकतात. उठताना हातावर जोर देऊन उठता येतं, कारण हात पुढे बैठकीच्या कडेपर्यंत आलेत. बऱ्याच डौलदार खुर्च्यांचे हात अर्ध्यातच संपतात आणि उठताना माणूस हवेत चाचपडतो. कोणी बसलं नसताना खुर्ची डुगडुगत नाही, किंचित मागे कलून स्थिर उभी राहते, म्हणजे तोल बरोबर साधलाय. दुखणं बरं झालं असं मी म्हणणार नाही, खुर्ची म्हणजे औषध नाही. पण निवडायला मेथीची मोठी जुडी घेऊन बसले तरी मध्ये उठावं लागत नाही. आमचे हे पाच फूट दहा इंच, त्यांना तीत आरामात बसता येत नाही, आणि या गोष्टीचं मला अजिबात दुःख नाही.

मग टेबल का नापास झालं? हात तोच, मिस्त्री तेच. टेबल लेकीच्या हौसेचं. पुण्याहून आली होती, शेडमध्ये चिंचेच्या खोडाचा एक मोठा काप बघितला आणि भाळली. रस्ता रुंदीकरणात पडलेली चिंच, मध्ये गडद जांभळट गाभा, कडेला सालीच्या रेषेत तशीच सोडलेली वेडीवाकडी किनार. खाली झाडाच्या मुळांसारखे कोरलेले पाय. फोटोत विचाराल तर खुर्चीपेक्षा टेबलच उठून दिसतं, यात वाद नाही.

पण चिंच तुळईसारखी पिकलेली नव्हती. ओलं लाकूड सावलीत वाळवायचं तर सुतारांचा ढोबळ हिशेब इंचाला एक वर्ष. हा काप अडीच इंच जाड आणि झाड पडून जेमतेम वर्ष झालेलं. लाकूड लांबीला जवळजवळ आटत नाही, रुंदीला आटतं. आणि खोडाच्या वर्तुळाबरोबर जितकं आटतं ते गाभ्यापासून बाहेरच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. दोन दिशांना दोन हिशेब, म्हणून जाड काप वाळताना कुठेतरी चीर देणारच. एप्रिलच्या कोरड्या हवेत एका रात्री हॉलमध्ये आवाज झाला. सकाळी बघितलं तर टोकापासून वीतभर चीर, आत नाणं जाईल एवढी.

मिस्त्रींना फोन केला. हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं, की दुसऱ्या दिवशी आले, खळखळ केली नाही, पैसे घेतले नाहीत. चिरेवर आडव्या दोन डमरूच्या आकाराच्या खुंट्या शिसवीच्या बसवल्या, चीर तिथे थांबली. पोरगा मला समजवायला लागला की ही तर मोठ्या लोकांची पद्धत, जॉर्ज नाकाशिमा अशाच खुंट्या घालायचा. खरं आहे. नाकाशिमा हा अमेरिकेतला जपानी वंशाचा, शिकलेला आर्किटेक्ट. 1930 च्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमात राहून गोलकोंड या इमारतीचं काम त्याने बघितलं, पुढे 1964 साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतही येऊन गेला. त्याची टेबलं चिरेसकट विकली जातात. पण तो लाकूड वर्षानुवर्षं वाळवायचा, चीर आधी बघायचा आणि मग तिला बांधायचा. इथे आधी टेबल आलं, मग चीर, मग खुंट्या. माझ्या हिशेबी याला दुरुस्ती म्हणतात, आणि चांगली दुरुस्ती म्हणतात. डिझाइन म्हणून तिचे पैसे मागू नयेत.

शिवाय ती नैसर्गिक किनार. सालीलगतचं लाकूड म्हणजे पांढरी. त्यात पिष्ट असतं आणि किडीला तेच आवडतं. श्रावणात टेबलाखाली बारीक पिवळसर पिठी पडायला लागली. इंजेक्शनच्या सिरिंजने छिद्रांत औषध सोडून झालं. मुळांसारख्या पायांत झाडू शिरत नाही, पोछा तर अजिबात नाही, आणि बाहेर आलेल्या मुळावर घरातल्या प्रत्येकाच्या करंगळीने एकदा तरी हजेरी लावलीय. वजन एवढं, की दोघांनी धरल्याशिवाय हलत नाही. अंगाशी त्याचा संबंध काय, तर ठेच. खुर्चीतली प्रत्येक गोलाई कुणाच्या तरी पाठीसाठी, मांडीसाठी, बोटांसाठी आहे. टेबलाच्या गोलाया कुणासाठीच नाहीत, बघणाऱ्यासाठी आहेत. लेक पुण्यात बसून फोटो बघते, तिला अजून आवडतं.

पैशांचं बोलू. 36 हजारांत लाकडाचे साडेदहा गेले. उरलेल्या साडेपंचवीस हजारांत दोन माणसांची मजुरी, इपॉक्सी, पेपर, वीज, शेडचं भाडं. काम मी बघितलंय, मध्ये मध्ये सोडून धरलं तरी तीन-चार आठवड्यांचं निव्वळ काम आहे. प्लायचं काम करणारा सुतार आज काय रोज घेतो ते तुम्हाला माहीत आहे, त्याने गुणून बघा. मी घासाघीस केली नाही. आमच्या ह्यांनी दोन हजार कमी करायला सांगितले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "करतो की. खालची बाजू तेवढी सोडून देतो." ह्यांनी विषय बदलला.

जायचं असेल तर काही गोष्टी. ज्याची खुर्ची त्यालाच घेऊन जा. फोटोवरून किंवा फोनवर मापं सांगून मिस्त्री काम घेत नाहीत. वयस्कर माणसाला नेत असाल तर सकाळी दहाच्या आत, पत्र्याची शेड दुपारी तापते. दमा असेल तर जाऊच नका, भुसा फार आहे, मास्क कोणी देत नाही. लाकूड निवडताना तुळईचंच मागा आणि कापाबिपाच्या मोहात पडायचं असेल तर तो काप खोडातून कधी कापला ते विचारून, इंचाला एक धरून वर्षं मोजा. नंबर इथे देत नाही, मिस्त्रींनी नको म्हटलंय. जुन्या लाकडाच्या वखारीत "धोटेवाले मिस्त्री" विचारलं तर सांगतात.

आणि ते स्टूल. तीन पायांचं, बैठक बशीसारखी खोल कोरलेली, सागाच्या उरलेल्या तुकड्यांतलं. मी त्यावर बसून कितीतरी वेळ त्यांचं काम बघितलं आणि पाठ न टेकता पाठ दुखली नाही. विकत मागितलं तर म्हणाले, ते गिऱ्हाइकांना बसायचं आहे. बरंच मागे लागल्यावर तसलंच एक करून द्यायला तयार झालेत, साडेतीन हजारांत. कधी, तर पुढच्या गुरुवारी.